बाशिंगाचं भेंड

ठेवा ते खाली. ठेवा म्हनतो न, खुशालराव! इथलं काही हातात घ्यायचं नाई. कचरा हाय तो, तुमच्या गाडीच्या कारबुरेटरमधून निघाला, बाकी काही नाई. बसा तिथं, त्या पेटीवर. — धोतर मळते? मंग मळू द्या. मोटारीच्या कारखान्यात आले तुमी, सोयरिकीले नाई आले. सोयरिकीले आल्ते तवा सतरंजी अंथरली होती तुमच्यासाठी, तक्क्या देल्ला होता पाठीले, आठवते काय? इवाई म्हनून हात जोडले होते या उत्तम मिस्त्रीनं तुमाले. तो तक्क्या अजून घरात हाय, पन तुमच्यासाठी आता तो नाई निघत. अन् जरा हळू बोला. कौसल्या मागच्या ओसरीवर हार गुंफून राहिली. तुमचा आवाज ओळखला तिनं, आल्याबरोबर उठून पानी आनून ठेवलं तुमच्या बाजूले — मी नाई सांगतलं, आपल्या मनानं आनलं. अर्धा घंटा झाला, गिलास तसाच. तान नाई लागली? अकोल्याहून बैल जुपून मोटार ओढत आनली, दोन दिवस रस्त्यानं सारा मुलूख हासला असन, अन् तान नाई? मले माहीत हाय काहून नाई पेले. बोलत नाई मी. मले काम करू द्या.

हे पाहा. हा नट पाहा. तुमच्या अकोल्याच्या मिस्त्र्यानं पक्कडीनं धरून धरून त्याचे सहाच्या सहा कोपरे गोल करून टाकले. मिस्त्री होता का रसवंतीवाला? वाटी उघडलीच नाई त्याच्यानं. बरं झालं नाई उघडली. — काहून म्हनजे? सुई मोडली असती न आतली, म्हनून बरं झालं, दुसरं काय! या कारबुरेटरले हात लावनारा अमरावतीपासून अकोल्यापर्यंत एकच मानूस हाय, हे तुमाले माहीत हाय, म्हनून तर नाक मुठीत धरून आले. नाई तर आले असते काय माह्या दारात? सात महिने मोटार सरकीच्या कोठ्यात झाकून ठेवली, कोंबड्याईनं अंडे घातले तिच्यात — हो, पराचा पसारा निघाला गादीखालून, खोटं नाई सांगत — अन् आता पोट्ट्याचं लगन ठरलं तवा उत्तम मिस्त्री आठवला. परवाचं लगन हाय म्हनता. धामणगावचे हायेत न? टेसनावर भाजीची आडत हाय त्याईची, ऐकलं मी. नवरदेव मोटारीनंच आला पायजे म्हनतात? येऊ द्या. त्या पोट्टीचं काही वाईट नाई चिंतत मी. तिचा काय दोष? पोट्टीचा कधीच काही दोष नसते, खुशालराव, एवढं समजलं असतं तुमाले तर काय पायजे होतं.

काय बिघडलं म्हनता. सांगतो. समजनार नाई तुमाले, पन सांगतो. ही वाटी. टाकीतलं पेट्रोल इथं येते. वाटीत एक बूच राहते, फ्लोट म्हनतात त्याले. पेट्रोल भरलं का बूच तरंगत वर येते अन् सुईले दाबते, का तोंड बंद. पेट्रोल खर्च झालं का बूच खाली, तोंड उघडं. बस, एवढंच. बूच तरंगलं तर मोटार, नाई तर नुसतं लोखंड. मागच्या चैतात गाडी आनली होती तुमी, तवा तिचं विलायती बूच सडून भुगा झाल्तं. जावयाची गाडी म्हनून आठ दिवस दुसऱ्या कोन्या मोटारीले हात नाई लावला मी. पन बूच आनू कोठून? या लढाईपायी बाटलीचं बूच भेटत नाई, तर हे कोन देते! आता तुमीही माळी, आमीही माळी, तुमाले काय सांगू, लग्नसराईत आपल्या घरी भेंडाच्या काड्या पडूनच राहतात. माणिकबाई कौसल्येचं बाशिंग करून राहिली होती. वीस वर्सं लोकाईच्या पोरीईचे बाशिंगं केले तिनं, आता आपल्या पोरीचं, तर बसू देईना कोनाले जवळ. पांढरंफेक भेंड, अन् हलकं असं का फुंकलं तर उडते. त्यातलं एक मी उचललं. ओरडली माह्यावर — बाशिंगाचं भेंड दुसऱ्या कामाले नाई लावत, ठेवा ते. मी म्हनलं, अवो, नवरदेवाच्याच गाडीत तर चाललं, बाहेर कोठी चाललं! तवा हासली. पोरगी बी हासली.

कोरलं मी ते ब्लेडीनं, तासून तासून, असं का वाटीत बसवलं तर कडेले नख जाईन एवढीच जागा. मंग त्यावर चपडा देल्ला. चपडा म्हनजे लाख जी, सुतार पलंगाले लावते ते. मोहाची दारू घ्यायची, पहिल्या धारेची, काडी लावली का पेटली पायजे अशी. तिच्यात चपडा टाकून ठेवला का संध्याकाळपर्यंत साखरेवानी विरघळते. मंग एक हात द्यायचा, उन्हात ठेवायचं, वाळलं का दुसरा. सात हात देल्ले मी, सात! काचेवानी झाल्तं ते भेंड. आठ दिवस पेट्रोलात बुडवून ठेवलं, एक थेंब आत नाई गेला. विलायतेतल्या साहेबाले सुचलं नसतं. गाडी अशी चालली का कॅम्पातल्या वकील साहेबानं आपली मोटार थांबवून मले इचारलं, उत्तम, काय टाकलं बापा हिच्यात? मी नाई सांगतलं. आपली अक्कल आपल्यापाशी.

मंग बंद काहून पडली? — हे तुमी मले इचारता? मले? तुमच्या शेषराव डायवरले इचारा न! दारू टाकली त्यानं टाकीत. हो, मोहाची. अर्धं पेट्रोल, अर्धी दारू. कुपनाचं पेट्रोल अकोल्यापासून इथवर पुरत नव्हतं, तर टाकली भरून. वास घ्या या वाटीचा, सात महिने झाले तरी जात नाई. — आता त्याले कोनं सांगतलं ते मले काय माहीत? सांगतलं असन कोनी. सारेच टाकतात आजकाल. चालते जी मोटार दारूवर, काही होत नाई तिले. फ्लोट पितळी असला तर काहीच होत नाई. — पितळी असला तर, म्हनलं मी. — तुमी मधात मधात बोलू नका बरं, हे जेट, पेट्रोल जायची तोटी, लय बारीक हाय, हातातून सुटलं तर धुळीत सापडनार नाई, मंग जा धामणगावले बैल जुपून.

फुका. इकडून फुका... राहू द्या, मीच फुकतो. — अन् बंद पडली तर पडली! कोनाची पडत नाई? कुरूमच्या पलीकडे बाभळीखाली उभी राहिली, त्यात काय आभाळ कोसळलं? तुमी सारी बरात घेऊन रेल्वेनं आले, बडनेऱ्यावर वाजागाजा करत उतरले, टांगे करून माह्या मांडवात आले. सारे आले, आत्या आली, मामा आला, वाजंत्रीवाले आले, फक्त नवरदेव नाई आला. चंद्रभान तिकडे मुंडावळ्या लावून मोटारीत बसला, अन् वावरातले लोक वखर सोडून त्याले पाहाले जमले. ढकलून ढकलून त्याईचा दम निघाला. नवरदेवाले मुंडावळ्यासकट सायकलवर बसवता येते काय? शेवटी शेषराव एकटाच कोनाची तरी सायकल मागून इथवर आला, तर दिवे लागले होते, गोरज मुहूर्त निघून गेल्ता. मंग काय केलं तुमी, सांगा न! मी पाया पडलो तुमच्या. मी म्हनलं, बैलाची दमणी पाठवतो, नवरदेवाले आनतो, भटजी सकाळचा मुहूर्त काढून देते. भटजी पंचांग उघडून बसला होता बिचारा. पन तुमची बहीन! पार्बताबाईनं भर मांडवात हात नाचवले — माह्या भावाच्या मोटारीनं आजवर कोन्या रस्त्यात मान टाकली नाई, हिच्या दारी यायच्या वक्ताले टाकली. पोरगी पांढऱ्या पायाची हाय, चला. — अन् तुमी उठले. हळद लागलेली पोरगी समोर बसली होती, डोक्याले बाशिंग होतं, अन् तुमी तिच्यासमोरून जोडे घालून निघाले. बडनेऱ्याच्या फलाटावर चंद्रभान भेटला तुमाले, मालगाडीच्या गार्डासंगं बसून आला होता बिचारा. तिथून माहा मांडव तीन कोस. वापस येता आलं असतं, खुशालराव. मांडवातले दिवे मी सकाळपर्यंत इझू देल्ले नव्हते.

तुमाले काय, तुमाले दुसरी सून भेटली. इथं काय झालं ते ऐकून जा. सात महिन्यात तीन जागा आल्या. वलगावचे आले, पोहे खाल्ले, पोरगी पसंत पडली, वांग्याच्या भावाच्या गोष्टी झाल्या, अन् वापस जाताना रस्त्यात कोनी तरी कानात सांगतलं, तीच ती मोटारवाली. झालं. मोटारवाली नाव पडलं पोरीचं! बाजूच्या आशाबाईच्या घरी हळद होती, सारी आळी गेली हळद लावाले, हिले म्हने, तू बस बाई, तुले काम असन. हार मात्र हिच्याच हातचे पायजेत. गावातल्या साऱ्या नवरदेवाईच्या गळ्यात हिनं गुंफलेले हार, तवा नाई पाय आडवा येत. कार्तिकात मायसंगं कौंडण्यपूरच्या जत्रेत गेली, तर रांगेतल्या बाया बाजूले सरकल्या. माणिकबाईले वाटलं, पोरीले जागा देल्ली. मंग समजलं काहून सरकल्या. कौंडण्यपूर जी! तिथूनच न देवानं रुक्मिनीले रथात घालून नेलं? त्या रथाच्या आसाची खीळ वाटेत निघाली असती, चाक पडलं असतं, तर काय रुक्मिनी पांढऱ्या पायाची झाली असती? बोला न.

लोखंड हाय ते! लोखंडाले काय माहीत पोरीचा पाय कसा हाय? शेषराव मांडवात आला, घामानं न्हायलेला, मले खांबाजवळ घेऊन गेला, म्हने, मिस्त्री, कारबुरेटरच्या खालून पेट्रोलची धार लागली, थांबता थांबत नाई. धार लागली म्हनजे काय? फ्लोट बुडला, दुसरं काय! चपडा विरघळला, भेंड भिजलं, भिजलं ते बुडलं, सुई उघडी पडली, इंजिनाच्या नाकातोंडात पेट्रोल गेलं. त्यात कोनाचा पाय आला कोठून? मले तर तवाच्या तवा समजलं, तिथंच, खांबाजवळ —

काय?

काय म्हनलं? जरा मोठ्यानं म्हना.

— हो. समजलं होतं. तवाच समजलं होतं.

असे काय पाहून राहिले? हो म्हनलं न! शेषराव बोलला, मले समजलं, अन् मंग पार्बताबाई बोलल्या. मधात दोन मिंटं असतीन, जास्त नाई. त्या दोन मिंटात बोलाले पायजे होतं. अन् त्या बोलल्यावर तर बोलालेच पायजे होतं. माह्या मांडवात कोन बसलं होतं, माहीत हाय तुमाले? वकील साहेब बसले होते, डाक्टर बसले होते, कापसाच्या जिनाचे म्यानेजर बसले होते खुर्चीवर. त्याईच्या मोटारी माह्या हातानं चालतात. त्याईच्यासमोर म्हनू, का लोकहो, गाडी या उत्तम मिस्त्रीच्या हातानं बंद पडली? दारूत विरघळवलेला चपडा दारूतच विरघळते, हे कोन्या बी सुताराले इचारा, झोपेत सांगन. मले नाई सुचलं. वीस वर्सं हातात पाना घेतलेला मी, अन् मले नाई सुचलं. — शेषरावले मीच सांगतलं होतं. हो, मीच. चैतात गाडी घेऊन चालला तवा म्हने, मिस्त्री, कुपनं संपत आले, लगनाले कसं करू? मी इथंच उभा होतो, या लिंबाखाली. म्हनलं, भिऊ नको, पहिल्या धारेची टाक अर्धी, मस्त चालते. छाती फुगवून सांगतलं. सात हात देताना वापरलेली बाटली तिथंच पडली होती, त्या टपावर, डोळ्यासमोर.

वाटलं, सकाळी बोलू. सकाळी तुमी अकोल्यात होते. मंग वाटलं, लोक इसरतीन. लोक काय इसरतात? मंग वाटलं, आता इतके दिवस गेले, आता सांगतलं तर म्हनतीन एवढे दिवस काय तोंडात गुळनी धरली होती? रोज सकाळी ती माह्यासाठी पानी घेऊन येते. म्हनते, बाबा, कथलाच्या डाखाच्या धुरात बसू नका, डोळे लाल होतात. अन् मी पितो. तिच्या हातचं पानी घेतो, गिलास वापस देतो, अन् बसतो लोकाईच्या मोटारी नीट करत. माणिकबाईले बी नाई सांगतलं. ती म्हनते, बाशिंगाचं भेंड काढलं तुमी, म्हनून झालं. अर्धं खरं बोलते ती, तिले माहीत नाई.

उठले काहून? बसा. — गावात सांगनार? काय सांगनार? उत्तम मिस्त्रीनं आपल्याच पोरीचं लगन बुडवलं, त्याले चपड्याची अक्कल नाई? सांगा! सांगा न बापा! सात महिने माह्या तोंडातून नाई निघालं ते, तुमच्या तोंडातून निघू द्या. जाऊ द्या माहा धंदा. वकील साहेब जातीन दुसऱ्याकडे, जाऊ द्या. थांबा, रिकाम्या हातानं नका जाऊ. हे घ्या. मघा उचलत होते न, मीच ओरडलो, आता मीच देतो. कचरा नाई तो. हेच ते भेंड. पाहा कसं झालं, काळं, चिकट, वाळून वाटीच्या बुडाले बसलं होतं, चाकूनं खरवडून काढलं मी. परवा धामणगावच्या मांडवात, साऱ्या लोकाईच्या देखत, तुमच्या बहिनीच्या हातावर ठेवा हे. सांगा तिले, गाडी याच्यापायी थांबली. बापानं केलं अन् बाप गप बसला. पोरीच्या पायाले काही झालं नाई. एवढं सांगाल न? — मुंडी नका हलवू, तोंडानं म्हना.

अन् तुमी बी काही धुतल्या तांदळाचे नाई, हे ध्यानात ठेवा. मी गप बसलो ते माहं पाप, पन जोडे तुमी घातले. तुमच्या पायात कोनी नाई घातले. एका मानसानं फक्त म्हनलं असतं न, थांबा, रातभर थांबा, मोटारच तर हाय — बस. तेवढा एक मानूस मांडवात नव्हता. मी बी नव्हतो, तुमी बी नव्हते.

झाली गाडी. नवा फ्लोट टाकला, जुन्या दिव्याच्या पितळी पत्र्याचा, चारही बाजूनं डाख देल्ला, पान्यात बुडवून पाह्यला, बुडबुडा नाई येत. आता दारू टाका नाई तर गोडंतेल टाका, बुडनार नाई. पन हँडल मारायच्या आधी एक काम करा. पानी प्या. या पोरीच्या हातचं पानी पेल्याबिगर गाडी नाई नेऊ देत मी, मंग धामणगाववाले पायी येऊ द्या नाई तर घोड्यावर. — नाई, हे नको, याच्यात माशी पडली, शिळं झालं. कौसल्ये! ओ कौसल्ये! पावन्याले ताजं पानी आन!

— आली? एवढ्यात कशी आली व? भरूनच ठेवलं होतं? ... दारामागंच होती काय तू?

दे. त्याईले दे, माह्याकडे काय पाहते. — घ्या, खुशालराव. घ्या न, दोन्ही हातानं घ्या. — हां. पेले. पुरं पेले. पाया पडून राहिले तुमी तिच्या? राहू द्या, राहू द्या, लहान हाय ती, पापात नका टाकू तिले. दे व पोरी, गिलास दे इकडे, मी ठेवतो.

... अन् माहा? मले नाई आनला? एकच भरला काय? ... कौसल्ये. किती ऐकलं तू? कोठपासून होती तिथं? — अशी नको पाहू. शिव्या दे. मी तुले सांगनारच होतो, देवाशपथ, आज ना उद्या — कोठी चालली? हार राहू दे तिथंच, इकडे ये — 

तुमी काय पाहून राहिले? जा न, खुशालराव! झाली म्हनलं न गाडी, नीट झाली, मारा हँडल अन् जा. इथं तुमचं काही काम नाई आता. जा.

... कौसल्ये? दार काहून लावलं व?

मले बी तान लागली, पोरी.